ग्रीस नव्हे, गिअर ऑइल

रविवार, रात्र

"आम्ही दर रविवारी पुढच्या चाकांना ग्रीस मारायचो. मी आणि अण्णा."

भातावर तूप घेता घेता दादा एवढंच म्हणाला आणि माझं जेवणातलं लक्षच उडालं. जावईबापूंची गाडी विजेवरची. चार्जिंगवरून विषय निघाला आणि हेरल्डवर, आमच्या जुन्या गाडीवर आला. आमच्या घरातला कुठलाही विषय शेवटी हेरल्डवर येतो, त्यात नवल नाही. जावईबापू कौतुकानं ऐकत होते. मग मला म्हणाले, "आत्या, तुम्ही पण बसायचात त्यात?" मी म्हटलं, "हो, टायरवर." सगळे हसले. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

आता अकरा वाजून गेले. इकडची मंडळी झोपली आणि मी मनातल्या मनात दादाशी भांडत बसले आहे. ते ग्रीस नव्हतं.

नव्हतंच. नव्वद नंबरचं गिअर ऑइल होतं. हेरल्डचं पुढचं चाक ज्या उभ्या दांड्यावर वळतं, त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते ट्रनियन नावाच्या पितळी तुकड्यात फिरतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा स्क्रूसारखा वरखाली सरकतो. तिथं आट्याआट्यांतून उतरेल असं पातळ तेल लागतं. ग्रीस नुसतं जागेवर बसून राहतं, वाळतं, मग पाणी शिरतं, गंज धरतो आणि एखाद्या दिवशी दांडा मोडून चाक बाहेरच्या बाहेर आडवं होतं. अण्णांना याची धास्ती होती. सर्व्हिसिंगला गाडी द्यायची झाली की मला बरोबर न्यायचे आणि रॅम्पशेजारी उभं करायचे. माझं काम एकच, पोरगा ग्रीसची गन घेऊन पुढच्या चाकाकडे वळला की ओरडायचं, "अहो, तिथं ग्रीस नको!" परकरातली मुलगी गॅरेजमध्ये ओरडते म्हणून ते हसायचे. पण थांबायचे.

हँडबुक असतं तर पान उघडून दादासमोर ठेवलं असतं. २०१९च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरात पाणी चढलं तेव्हा खालच्या फडताळात होतं ते सगळं गेलं, त्यात तेही.

बरं, तेल की ग्रीस हे सोडून दिलं, तरी "मी आणि अण्णा" याचं काय करू?

मी खरंच टायरवर बसायचे. हेरल्डचं बॉनेट इतर गाड्यांसारखं काचेच्या बाजूनं उघडत नाही. दोन्ही बाजूंचे खटके सोडले की मडगार्ड, दिवे, सगळं नाक एकदम पुढच्या बाजूला आडवं होतं आणि इंजिन चारी बाजूंनी उघडं पडतं. पुढचं चाक म्हणजे आयतं स्टूल. एका टायरवर अण्णा, दुसऱ्यावर मी, मध्ये इंजिन. हातात बॅटरी. उजेड अण्णांच्या हातावर नव्हे, हाताच्या पुढे पाडायचा, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पाना मागायच्या आत द्यायची सवय पण तिथलीच. सगळे इंचातले पाने, सात सोळाचा, अर्ध्याचा, नऊ सोळाचा. अंधारात नुसत्या बोटांनी ओळखायचे. अजूनही ओळखेन, पैज लावा.

डिस्ट्रिब्युटरमधले, ठिणगी पाडणारे पॉइंट घासायचं काम पुढे माझ्याकडेच आलं, कारण अण्णांना जवळचं दिसेनासं झालं. चष्मा लावायला ते तयार नव्हते, मग मी त्यांचा चष्मा. पॉइंटची गॅप १५ थाऊ, म्हणजे इंचाचे १५ हजारांश, व्हॉल्व्हच्या टॅपेटची १० थाऊ. फीलर गेजची पट्टी अडकायची नाही आणि सैलही सुटायची नाही, अंगाला लागत लागत निघायला हवी. अण्णा म्हणायचे, "घट्ट म्हणतेस की जमली म्हणतेस?" मी म्हणायचे, "जमली." मग डिस्ट्रिब्युटरची कॅप, मग वायरी, सिलिंडर पेटायच्या क्रमानं. एक, तीन, चार, दोन. हा आकडा मी आयुष्यात पुढे बऱ्याच कुलपांना वापरला. कुठल्या ते इथं लिहीत नाही.

इंजिन एवढंसं, ९४८ सीसी. आताच्या मोटारसायकलीसुद्धा त्याच्या आसपास असतात म्हणे. विलायतेत १९५९ला ट्रायम्फ हेरल्ड निघाली, मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९६१पासून ती इकडे बनवायला घेतली. आकार मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसानं काढलेला, हे अण्णा आल्यागेल्याला सांगायचे, जणू तो आमच्या गावभागातलाच. आमची तिसऱ्या की चौथ्या हातची, दोन दारांची. पार्ट मिळायची मारामार. मागच्या स्प्रिंगचा बुश गेला तेव्हा तो कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून आणला, जुना बुश माझ्या रुमालात गुंडाळून नेला होता. रुमालाबद्दल आईनं पुढे बरंच ऐकवलं.

आणि कुंभार्ली घाट. चिपळूणहून वर येताना, मे महिन्यात, गाडी आचके द्यायला लागली. पंपात पेट्रोलची वाफ धरली होती. मागे एसटी हॉर्न देतेय, आई गाडीत जप करतेय. मी बॉनेट आडवं केलं, आईच्या जुन्या लुगड्याचा फडका पाण्यात भिजवून पेट्रोल पंपाला गुंडाळला आणि वाट बघत बसले. अण्णा बाजूच्या कठड्यावर विडी ओढत होते. काही सांगितलं नाही, पुढे पण आले नाहीत. थोड्या वेळानं म्हणाले, "मार आता सेल्फ." चालू झाली.

ते काही बोलले नाहीत, हीच माझी शाबासकी. आता ती कुणाला दाखवू?

दादा त्या वेळी तिथं नव्हता, सांगलीत परीक्षा होती त्याची. ही गोष्ट तो सांगतो तेव्हा "आम्ही फडका गुंडाळला" असं सांगतो. "आम्ही"त सगळं घर बसतं, तक्रार तरी कशी करणार?

खरं दुखतं ते वेगळंच असावं. गाडी चालवायला अण्णांनी दादाला शिकवलं. हरिपूरच्या रस्त्यावर, पहाटे. मी मागच्या सीटवर. हेरल्डचा मागचा एक्सल चाकागणिक सुटा, वळणावर एकदम पाय काढला की मागची चाकं आत मुडपतात आणि गाडी ढुंगण टाकते, म्हणून अण्णा सारखे बजावायचे, वळणाच्या आधी वेग कमी कर, वळणात नको. दादाला ते समजायला वेळ लागला. मला मागे बसून समजलं होतं. चाकाखाली शिरून बघितलं होतं ना ते. (पुढे कंपनीनं हेरल्डवरूनच गझेल नावाची गाडी काढली त्यात तो एक्सलच बदलून टाकला, म्हणजे कंटाळलेले आम्ही एकटेच नव्हतो.) राममंदिर चौकात दादा एका दमात गाडी फिरवायचा, हेरल्डला वळायला २५ फूट पुरतात, आणि बघणारे म्हणायचे, पोरगा काय चालवतो! मला का शिकवलं नाही, ते मी विचारलं नाही. तेव्हा विचारायचं सुचलंही नसेल. आता विचारायला कुणी नाही.

माझ्या लग्नाच्या वर्षी गाडी विकली. या दोन गोष्टींचा संबंध आमच्याकडे कुणी लावत नाही. मीही लावत नाही.

चहा करून घेतला. रात्रीचा चहा मला सोसत नाही, पण असो.

चहा गाळताना एक आठवलं आणि एकटीच हसले. गिअर ऑइल आम्ही घालायचो कशानं? ग्रीस गननंच! ट्रनियनचा बूच काढायचा, तिथं निपल बसवायचा, गनमध्ये ग्रीसऐवजी ऑइल भरायचं आणि वरच्या बाजूनं पाझरेपर्यंत दाबत राहायचं. गन गळायची, कोपरापर्यंत तेल यायचं. लांबून बघणाऱ्याला काय दिसणार? रविवार, अण्णा, पुढचं चाक आणि ग्रीस गन. दादाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लांबून बरोबर आहे.

आणि तो लांब का होता? तर तो मागे होता. थंडीत सेल्फ उचलायचा नाही, बॅटरी कायम अर्धमेली, डायनॅमोचे ब्रश झिजलेले. मग धक्का. अण्णा स्टिअरिंगवर, मी पुढे बसून चोक ओढायला, आणि मागे दादा. पायात स्लीपर, तोंडातून वाफ, गाडी घरर्‌ करून चालू झाली की धूर थेट त्याच्या तोंडावर. आम्ही दोघं तशीच पुढे चौकापर्यंत जायचो, इंजिन बंद पडू नये म्हणून. तो तिथंच उभा. परत येऊन त्याला घ्यायचो, पण कधी कधी थेट शाळेच्या वेळेलाच. याची गोष्ट त्यानं कुणालाच सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. इतक्या वर्षांत, एकदाही नाही. कोण सांगेल? "मी धक्का मारायचो," असं जावयाला काय सांगायचं?

म्हणजे मला नाक मिळालं आणि त्याला शेपूट. गाडी एकच होती, काय करणार.

माझ्या आताच्या गाडीचं बॉनेट उघडलं की काळं प्लॅस्टिकचं झाकण दिसतं. सर्व्हिसिंगवाला मुलगा म्हणतो, "मॅडम, एसीत बसा." बसते. कॉफी पण देतात.

निघताना वहिनी हळूच म्हणाली होती, माळ्यावर अण्णांची पान्यांची पेटी आहे, दिवाळीच्या आवराआवरीत काढून टाकणार. आताच्या कुठल्या गाडीला इंचातले पाने लागतात? नऊ सोळाचा चौदा मिलिमीटरच्या नटाला सैल का होईना चढतो, बाकीचे बिनकामाचे. तिला आत्ताच मेसेज केला, भंगारवाल्याला देऊ नकोस, मी नेते. एवढ्या रात्री लगेच उत्तर आलं, "न्या बाई, माळा मोकळा होईल."

उद्या रिक्षा सांगते. पण पेटी लोखंडी आहे आणि भरलेली आहे, माळ्यावरून मला एकटीला उतरवणार नाही. दादालाच बोलावावं लागेल.