खऱ्या तांदळाचं नेपथ्य : नाताळच्या प्रयोगाआधीची नोंद

रात्रीचे साडेअकरा झालेत, तालमीहून आत्ताच आलोय. पण गोण्यांचा प्रश्न आज सुटला, म्हणून झोपण्याआधी लिहून ठेवतो.

ज्यांनी आधीची नोंद वाचली नसेल त्यांच्यासाठी : गिरगावातल्या आमच्या हौशी मंडळाचा सव्वा तासाचा दीर्घांक 20 आणि 21 डिसेंबरला आहे. स्थळ रेशनचं दुकान, काळ 1943 चा नाताळ. तिकिटाचे सगळे पैसे आणि प्रेक्षक आणतील तो तांदूळ, परळला उपचारासाठी गावाकडून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी.

1943 च धरलं, कारण त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झालं आणि त्याच महिन्यात याच शहरात इप्टाची (इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन या नाट्यसंघटनेची) स्थापना झाली. बंगालात माणसं भुकेने मरत होती आणि इप्टाची मंडळी गाणी-नाटकं करून मदत गोळा करत होती. त्याच्याही आधी, 8 जुलै 1921 ला, बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’मध्ये एकत्र उभे राहिले, तेही मुंबईतच. आपल्या रंगभूमीने झोळी धरायची ती अशी. ही आठवण मला फार बळ देते.

आता गोण्या. आधी आम्ही पोत्यांत कागदाचे बोळे भरले होते. दिसायला झकास, पण हमालाचं काम करणाऱ्या मुलाने पोतं उचललं की सगळं उघडं पडायचं. खांदा खाली जातच नव्हता. वजनाचा अभिनय त्याने पंधरा दिवस घोटला, तरी पाय खोटं बोलायचे. शेवटी उचलायच्या दोन पोत्यांत खरा तांदूळ भरला, प्रत्येकी 20 किलो. बाकी थप्पीत खाली रिकामी खोकी आणि वरून पोती. आज त्याने पोतं पाठीवर घेतलं तेव्हा गुडघा किंचित वाकला, श्वास अडकला, आणि तालमीत बसलेले सगळे एकदम गप्प झाले.

हा तांदूळ कुणाच्या तरी ताटात जायचाय. म्हणून पोत्याच्या आत स्वच्छ कापडी पिशवी, आणि मापाने ओतायचा प्रसंग परातीवरच. खाली सांडलेला दाणा शिध्यात जाणार नाही. हॉलमध्ये उंदीर आहेत, त्यामुळे तालीम संपली की दोन्ही पोती आम्ही खांद्यावरून शेजारच्या चाळीत पहिल्या मजल्यावर नेऊन ठेवतो.

प्रकाशयोजनेवाल्यांसाठी एक गोष्ट. मापातून पडणारी तांदळाची धार समोरच्या प्रकाशात दिसतच नव्हती. स्पॉट विंगेत खांद्याच्या उंचीवर आणला, बाजूने मारला, मागचा पडदा काळा ठेवला. दाणा न् दाणा चमकला. जिलेटीन (दिव्यापुढचा रंगीत पारदर्शक कागद) फिकट केशरी, गडद नको. तांदूळ डाळीसारखा दिसायला लागतो.

मधल्या काळात एक मोठा बदल झाला. आम्ही नुसता शिधाच द्यायचं ठरवलं होतं. पण मुलाच्या उपचारासाठी महिनाभर फूटपाथवर काढलेल्या एका काकांना विचारलं, तर ते म्हणाले, “बाळा, तांदूळ चांगलाच आहे, पण शिजवू कुठं?” मला त्या रात्री झोप लागली नाही. आता शिधा फक्त धर्मशाळेत शेगडीची सोय असलेल्यांना. तिकिटाच्या पैशांतून फूटपाथवरच्यांसाठी पोळी-भाजी आणि वरण-भात, रोज संध्याकाळी, पैसे पुरतील तितके दिवस.

रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र आलंय. 6 तारखेला दादरची तालीम रद्द ठेवली, चैत्यभूमीच्या गर्दीत सामान नेणं शक्यच नव्हतं. दुकानाच्या दारातला नाताळचा तारा वाडीतल्या मावशींनी कामट्या आणि खळ वापरून घरीच केला. आत 15 वॅटचा दिवा. मावशी म्हणाल्या, “शेवटच्या प्रवेशात तो लागला पाहिजे हां, विसरू नकोस.” तो क्यू, म्हणजे नेमक्या क्षणी दिवा लावायचं काम, मी स्वतःकडे घेतलाय.

राहिला तराजू. आमच्याकडची वजनं किलोची आहेत, आणि दशमान वजनांचा कायदाच 1956 चा. पहिल्या रांगेतून आकडे वाचता येतात. कुणाकडे शेराची जुनी लोखंडी वजनं असतील तर 19 तारखेच्या रंगीत तालमीपर्यंत हवी आहेत. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि 22 ला पुसून परत आणून देईन.