पाटी एकाची, हात दुसऱ्याचा

गणपतीत मालवणात दाताचा दवाखाना उघडा ठेवला की मुंबईच्या डॉक्टरांची उरलेली कामं आपोआप पदरात पडतात. चाकरमानी येतात, खाजा खातात, खडखडे लाडू फोडतात आणि तिकडे बसवलेली कॅप रुमालात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आतलं जुनं सिमेंट खरवडायचं, नवं लावायचं, दाबून धरायचं. यावर लिहिण्यासारखं काही नसतं.

काकांची कॅप मात्र तोंडातच होती आणि जागच्या जागी गोल फिरत होती.

"मॅडम, ह्यो दात फिरता. पैसे भरून घातलेलो आसा, पडाक नको."

खालची डावी पहिली दाढ, इम्प्लांट. दोनेक वर्षांपूर्वी मुंबईच्या एका उपनगरात बसवलेलं. इम्प्लांटचे तीन भाग असतात: हाडात रुतलेला टायटॅनियमचा खुंट, त्यावर बसणारा जोडभाग म्हणजे अबटमेंट आणि सगळ्यात वर कॅप. खुंट आणि अबटमेंट यांना जोडणारा एक बारीक स्क्रू आत असतो. दात हलला तर कॅप सुटलेली असते, नाहीतर स्क्रू ढिला झालेला असतो, नाहीतर हाडानेच खुंट सोडलेला असतो. तिसरं निघालं तर सगळं काढावंच लागतं. म्हणून आधी एक्स-रे.

एक्स-रे बघून मी मनातल्या मनात त्या अनोळखी डॉक्टरला दाद दिली. खुंट सरळ, खालच्या नसेपासून व्यवस्थित अंतर राखलेला, दोन्ही बाजूंना हाड पहिल्या आट्यापर्यंत शाबूत. खालच्या जबड्यातून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्या वर निदान दोन मिलिमीटर जागा सोडायची असते. घाईघाईत काम करणारे तिथेच चुकतात आणि मग पेशंटचा ओठ महिनोन्महिने बधिर राहतो. इथे तसं काही नव्हतं. फक्त खुंट आणि अबटमेंट यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसत होती. म्हणजे स्क्रू ढिला.

स्क्रू आवळायचा तर त्याच्या डोक्यात बसणारा ड्रायव्हर हवा, आणि सगळं अडतं ते इथेच. प्रत्येक कंपनीचं डोकं वेगळं. कुणाचं षटकोनी, कुणाचं चांदणीसारखं. षटकोनींतही एकीचा 1.2 मिलिमीटर, दुसरीचा 1.25, तिसरीचा 1.27. फरक केसाएवढा, पण 1.25च्या खाचेत 1.2 घालून जोर लावलात तर कडा गोल होतात, आणि एकदा डोकं गोल झालं की तो स्क्रू काढणं ही वेगळीच शस्त्रक्रिया होऊन बसते.

"कुठल्या कंपनीचं बसवलंय?" मी विचारलं.

काकांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये घातलेलं कार्ड काढलं. त्यावर हसणाऱ्या जोडप्याचा फोटो, दहा वर्षांची गॅरंटी, आणि इम्प्लांटच्या रकान्यात एकच शब्द: 'प्रीमियम'.

मला राग येतो तो या रकान्याचा. इम्प्लांटच्या प्रत्येक डबीवर सोलून काढायची स्टिकरं असतात. कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर, सगळं त्यावर छापलेलं. एक पेशंटच्या फाइलवर लावायचं, एक त्याच्या हातात द्यायचं. दहा सेकंदांचं काम. पेशंट दुबईला असो, देवगडला असो, पुढच्या डॉक्टरला बाकी काही विचारावं लागत नाही. पण गॅरंटी छापायला पैसे असतात, स्टिकर चिकटवायला हात नसतो.

क्लिनिकला फोन लावला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, गणपतीनंतर या. मी डॉक्टर असल्याचं सांगितल्यावर जरा घुटमळली आणि म्हणाली, "आमच्या सरांनी नाही केलं ते. शनिवारी एक सर येतात, त्यांनी केलं." काका माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मते दात घातला होता तो पाटीवरच्या डॉक्टरने. त्या दिवशी मास्क लावलेला कुणीतरी वेगळा होता एवढंच त्यांना आठवत होतं.

यात बेकायदा काही नाही. असे सर बॅगेत मोटर, ड्रिल आणि इम्प्लांटच्या डब्या घेऊन क्लिनिकमागून क्लिनिक करतात. खुर्ची आणि पेशंट क्लिनिकचा, फी दोघांत. अवघड अक्कलदाढ असली की मीसुद्धा बाहेरून सर्जन बोलावते. पण पेशंटला त्यांचं नाव आणि नंबर आधी देते, कारण रात्री दोन वाजता गाल सुजला तर त्याला ते माहीत असायलाच हवं.

मी स्वतः इम्प्लांट बसवत नाही, त्यामुळे ड्रायव्हरचा सेटही ठेवत नाही. कुडाळच्या एका प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दातांच्या तज्ज्ञ मैत्रिणीला एक्स-रे पाठवला. खुंटाच्या टोकाचा आकार आणि वरचा निमुळता जोड बघून ती म्हणाली, दोन-तीन कंपन्यांपैकी एक असणार, सगळेच ड्रायव्हर पाठवते. सणाच्या गर्दीत तिने तो डबा एसटीच्या कंडक्टरकडे दिला, आणि पेढ्यांचा समजून तो बिचारा मांडीवर घेऊन आला.

डबा आला आणि लाइट गेली. दवाखान्याचे दिवे नि पंखा इन्व्हर्टरवर चालतात, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह चालत नाही. दुसऱ्याच्या दवाखान्यातली हत्यारं निर्जंतुक केल्याशिवाय तोंडात घालायची नाहीत, मग बाहेर आरतीची वेळ होत आली असली तरी. काका वैतागले. "एवढ्या मोठ्या दवाखान्यात एक स्क्रूड्रायव्हर नाय?" वायफाय आहे म्हणून बहुधा मोठा वाटला असेल.

लाइट आल्यावर कॅपला वरून बारीक भोक पाडायला घेतलं. स्क्रूची वाट नेमकी कुठे आहे हे एक्स-रेवरून अंदाजानेच ठरवायचं असतं. पाणी सोडत, थांबत थांबत खाली जाताना पांढरं, मऊ काहीतरी लागलं. टेफ्लॉनची टेप, नळ जोडणारे वापरतात तीच. पुढे कुणाला उघडावं लागलं तर स्क्रूच्या डोक्यात सिमेंट भरलेलं नसावं, म्हणून ती आधी घालतात. म्हणजे त्या माणसाने माझा, कधी न भेटलेल्या डॉक्टरचा, विचार केला होता. त्याच माणसाने स्टिकर मात्र दिलं नाही, हे मला जुळवता येईना.

ड्रायव्हरला फ्लॉसचा दोरा बांधला. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू हातातून निसटून श्वासनळीत गेली तर सणाच्या दिवशी रुग्णवाहिका शोधावी लागते. 1.27 आत शिरला नाही. 1.2 शिरला, पण डुलला. 1.25 बसला आणि सोडल्यावर उभाच राहिला. हे बोटांनाच कळतं. टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, 30 न्यूटन-सेंटिमीटरवर आवळला, दहा मिनिटं थांबले, पुन्हा आवळला, कारण पहिल्या आवळण्यानंतर धातू जरासा बसतो आणि ताण कमी होतो. खरं तर नवा स्क्रू घालायला हवा होता, पण कंपनी नक्की ठाऊक नसताना आणणार कुठून?

तो ढिला का झाला, हे निळा कागद चावायला दिल्यावर कळलं. उजवीकडच्या दाढा केव्हाच काढलेल्या, सगळं चावणं डावीकडे. खऱ्या दाताच्या मुळाभोवती अस्तर असतं, जोर आला की दात किंचित दबतो. इम्प्लांटला ते नसतं. म्हणून त्याची चाव जराशी हलकी ठेवायची असते. ही बरोबरीची होती. थोडी घासली.

मी हात धुवत असताना कोपऱ्यात बसलेल्या काकू बोलल्या. त्यांनाही मुंबईच्या त्याच क्लिनिकमध्ये वरच्या दोन दाढा घालायच्या होत्या, जोडीला सवलत होती, हजार रुपये भरूनही झाले होते. घालायच्या का?

आधी मिश्री विचारली. रोज दोनदा. साखर? आहे. तीन महिन्यांची साखर कधी तपासली, ते आठवेना. आणखी काही गोळ्या? "नाय." रोजची नसेल तरी चालेल, आठवड्याची? तेव्हा म्हणाल्या, "ती रोजची खय, ती फक्त आयतवारची." सकाळी उपाशीपोटी, भरपूर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनची गोळी, चार वर्षांपासून. या गोळ्यांवर असलेल्या माणसाचा दात काढला किंवा हाडात ड्रिल केलं तर क्वचित जबड्याची जखम भरतच नाही. धोका थोडा असतो, पण वर्षं वाढली की वाढतो, आणि सांगितल्याशिवाय ड्रिल लावायचं नसतं. हजार रुपये घेताना क्लिनिकने फॉर्म भरून घेतला होता. त्यात बीपी आणि शुगर अशा दोनच चौकटी होत्या.

"मग जायचं कुणाकडे?" काकांनी विचारलं. पाटीवर इम्प्लांटॉलॉजिस्ट लिहिलेलं बघून जाऊ नका, म्हटलं. आपल्याकडे एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, नऊ शाखा आहेत, त्यात ही नाही. प्रॉस्थोडॉन्टिस्ट, हिरड्यांचे तज्ज्ञ, सर्जन हे शिकतात, आणि नीट शिकून घेतलेले साधे पदवीधर बीडीएसही चांगलं करतात. राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. ड्रिल कोण करणार आणि सहा महिन्यांनी फोन कोण उचलणार, ते विचारा. स्टिकर आधीच मागा. वरच्या दाढांच्या मुळांशी सायनसची पोकळी असते, म्हणून सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, न करता कुणी दिवस ठरवून दिला तर उठून या.

गौरीविसर्जनानंतर मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. ते शनिवारचे सर. काकांनी क्लिनिकमध्ये भांडून माझा नंबर दिला होता. त्यांच्या स्वतःच्या वहीत काकांचं स्टिकर चिकटवलेलं होतं, फोटोही पाठवला. दुसरं स्टिकर ते दर वेळी क्लिनिकच्या टेबलावर ठेवून येतात, पुढे त्याचं काय होतं ते त्यांना माहीत नाही. काकूंचं मी सांगितल्यावर ते म्हणाले, आधी शुगरचा रिपोर्ट आणि हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग स्कॅन, बाकी नंतर. मला माणूस आवडला. पण काकूंना त्यांच्याकडे पाठवायचं म्हणजे त्याच पाटीखाली पाठवायचं. मी अजून हो म्हटलेलं नाही.

काकांचा नवा स्क्रू सरांनी मागवून दिला, तो कुरिअरने माझ्याकडे आला आहे. काका आता डोंबिवलीत आहेत. तो बसवायचा कुणी आणि फी घ्यायची कुणी, यावर आम्हा दोघांचं आणि त्या क्लिनिकचं अजून ठरतंय.