१५० वॅटचा दोन-सेल मॉड: करंट मोजणीची नोंदवही

कामाला घेतलेला मॉड, म्हणजे ई-सिगारेटचा सेल आणि बोर्ड असलेला भाग, रेग्युलेटेड आहे: कॉइलला किती वॅट जायचे ते बोर्ड सांभाळतो. १८६५०चे (१८ मिमी व्यास, ६५ मिमी लांबीचे लिथियम-आयन) दोन सेल सीरिजमध्ये बसतात, अंगावर १५० वॅट छापलेले आहेत. वर दुहेरी कॉइलचा ॲटोमायझर (द्रव तापवून वाफ करणारा भाग) आणि सेटिंग कायम ७५ वॅट. दुखणं असं, की ताजे भरलेले सेल घातले तरी अर्ध्या वाटेवरच पडदा 'बॅटरी कमी' म्हणतो. सेल बाहेर काढून मोजले तर प्रत्येकी ३.७६ व्होल्ट, म्हणजे निम्मा माल शिल्लक. अशा वेळी बोर्ड गेला असं समजून मॉड फेकला जातो. इथे बोर्ड निर्दोष निघाला.

कॉइलचा ओहम आणि सेलचा करंट

कॉइल २६ गेज कँथल ए१ (तापवण्यासाठीची रोधक तार), ३ मिमी आतला व्यास, ७ वेढे, दोन नग. एका वेढ्याला साधारण १०.७ मिमी तार, पाय धरून ८३ मिमी. या तारेचा रोध मीटरला ११.३ ओहमच्या आसपास, म्हणून एक कॉइल ०.९३ आणि दोन समांतर मिळून ०.४७ ओहम. हा आकडा मल्टिमीटरने पडताळू नका. त्याच्या वायरींचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम असतो, आणि ०.४७ मोजताना तेवढी चूक म्हणजे मोजणीच वाया. ओहम रीडर नसेल तर बेंच सप्लायमधून बरोबर १ ॲम्प सोडा आणि थेट कॉइलच्या पायांवर व्होल्टेज वाचा. ०.४७ व्होल्ट दिसले तर ०.४७ ओहम.

आता नेहमीचा घोळ. मेकॅनिकल ट्यूबमध्ये, म्हणजे बोर्ड नसलेल्या मॉडमध्ये, सेलचा करंट कॉइल ठरवते: ४.२ भागिले ओहम. रेग्युलेटेड मॉडमध्ये सेल आणि कॉइल यांच्यामध्ये कन्व्हर्टर बसलेला असतो, त्यामुळे सेलला कॉइलचा ओहम दिसतच नाही. त्याला फक्त वॅट दिसतात. हिशेब असा:

सेलचा करंट = वॅट ÷ (सेलचं लोडखालचं व्होल्टेज × सीरिजमधले सेल × ०.९)

०.९ ही कन्व्हर्टरची कार्यक्षमता धरली आहे. या सूत्रातली खोच ही, की व्होल्टेज तळाशी असल्यामुळे सेल उतरत जातो तसा करंट चढत जातो. एका सेलच्या मॉडवर ४० वॅट लावले तर ४.२ व्होल्टला १०.६ ॲम्प आणि ३.२ व्होल्टला १३.९ ॲम्प. मेकॅनिकलमध्ये नेमकं उलट: सेल उतरला की करंटही उतरतो. म्हणून रेग्युलेटेडचा हिशेब कायम ३.२ व्होल्टवर करायचा. ४.२ धरून केलेला हिशेब कागदावर सुरक्षित दिसतो आणि चार्ज संपता संपता फसवतो.

छापलेल्या १५० वॅटला हे सूत्र लावलं तर १५० ÷ (३.२ × २ × ०.९) = २६ ॲम्प. व्हीटीसी५ए या सेल-मॉडेलचं सतत डिस्चार्जचं रेटिंग २५ ॲम्प, २५आर आणि एचजी२चं २०. म्हणजे अंगावर छापलेला आकडा ओळखीच्या चांगल्या सेलनाही शेवटच्या टप्प्यात जड जातो. २० ॲम्पच्या सेलवर कमाल ११५ वॅट येतात, हा मॉड मेनूमधून १०० वर बांधून टाकला आहे. दोन सेल समांतर असलेल्या मॉडमध्येही प्रत्येक सेलवर तितकाच भार येतो, कारण तिथे व्होल्टेज निम्मं पण करंट दोघांत वाटला जातो. 'समांतर जास्त सुरक्षित' हा समज इथे कामाचा नाही.

सेलवरचे 'पल्स' किंवा 'मॅक्स' ॲम्प सरळ दुर्लक्षित करा. पल्स किती सेकंदांची आणि मध्ये विश्रांती किती, याचा एक ठरलेला मापदंड नाही, त्यामुळे तिथे वाटेल ते छापता येतं.

मोजणी

करंट मोजायला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो, हॉल सेन्सरवाला. वायरमनकडचा साधा क्लॅम्प फक्त एसी वाचतो, तो इथे शून्य दाखवेल. मल्टिमीटरच्या १० ॲम्पच्या भोकातून करंट काढण्याचा मोह आवरा. एक तर फ्यूज जाईल, दुसरं म्हणजे मीटरचा शंट आणि वायरी मिळून इतकं व्होल्टेज खातात की मॉड आधीच 'बॅटरी कमी' म्हणेल.

मागचं झाकण काढलं, बोर्डाला जाणाऱ्या लाल वायरीभोवती क्लॅम्प लावला, शून्य केला, ७५ वॅटवर ३ सेकंद फायर केलं, म्हणजे बटण दाबून कॉइल तापवली. कॉइलवर ओला कापूस हवाच.

ताजे सेल (प्रत्येकी ४.१८ व्होल्ट): ११.२ ॲम्प. इशारा आला त्या क्षणी: १३.० ॲम्प, बोर्डाच्या पॅडवर ६.४ व्होल्ट.

बोर्डाने ६.४ ला इशारा दिला, म्हणजे प्रति सेल ३.२. तो आपलं काम बरोबर करतो आहे. पण सेल बाहेर काढल्यावर दोघांची बेरीज ७.५२ येते. मधले १.१२ व्होल्ट वाटेत कुठेतरी मरतात. १३ ॲम्पला १.१२ व्होल्ट म्हणजे ८६ मिलिओहम. आता हे ८६ शोधायचे.

पहिला चोर: ऋण टोकाची स्प्रिंग

फायर करताना मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरं बोर्डाच्या ऋण पॅडला लावलं. ०.३० व्होल्ट. १३ ॲम्पला हे २३ मिलिओहम आणि जवळपास ४ वॅट उष्णता, तीही एका बारीक स्प्रिंगमध्ये. स्प्रिंग तापली की तिचं पाणी उतरतं, ती बसते, दाब कमी होतो, दाब कमी झाला की रोध वाढतो आणि ती आणखी तापते. दुरुस्त केलं नाही तर हे चक्र प्लास्टिकचा पाळणा वितळेपर्यंत चालतं. सेलच्या बुडावर तपकिरी ठिपका किंवा स्प्रिंगवर निळसर झाक दिसली तर हाच प्रकार समजा.

उपाय स्वस्त आहे. सेल काढून ठेवा. संपर्काच्या पट्ट्या पेन्सिलीच्या खोडरबरने घासा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा. खरकागद नको, मुलामा निघतो आणि पुढच्या वेळी गंज आणखी लवकर चढतो. बसलेल्या स्प्रिंगच्या पोटातून १८ गेजची सिलिकॉन वायर वरच्या टोकापासून बुडापर्यंत सोल्डर केली. आता करंट वायरीतून जातो आणि स्प्रिंग फक्त दाब देते. डाग देताना सेल पाळण्यात नसावेत, हे सांगायची गरज नसावी, पण सांगितलेलं बरं.

पुन्हा मोजणी: ०.०८ व्होल्ट, ६ मिलिओहम, १ वॅट. इशारा आता प्रति सेल ३.६५ व्होल्टला येतो. सुधारणा झाली, पण काम पुरं झालं नाही.

दुसरा चोर: जोडीतला एक सेल

अंतर्गत रोध मोजला: एक २२ मिलिओहम, दुसरा ४१. मॉडेल एकच, पण दोन वेगवेगळ्या वेळी घेतलेले आणि एकेकटे वापरलेले. ३.६५ व्होल्टवरून १३ ॲम्प काढताना पहिला ३.३६ वर उभा राहतो, दुसरा ३.१२ वर कोसळतो. बोर्ड बेरीज पाहतो, एकेकाकडे त्याचं लक्ष नाही. याच कारणाने सीरिजमधला कमजोर सेल खूप खाली ओढला जातो आणि पडदा मात्र सगळं आलबेल दाखवत राहतो. उष्णतेतही फरक पडतो: १३ ॲम्पला पहिल्यात ३.७ वॅट, दुसऱ्यात ६.९.

२.५ व्होल्टच्या बऱ्याच खाली उतरून पडून राहिलेला सेल पुन्हा भरायचा नसतो. तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळून आत पसरतं आणि चार्ज होताना भलत्या जागी बसून आतूनच शॉर्ट करू शकतं. मीटरवर ४.२ दाखवणारा असा सेल धोक्याचा असतो, कारण बाहेरून काहीच कळत नाही.

जुनी जोडी मोडली. नवी जोडी २२-२२ची, दोन्हींच्या वेष्टनावर मार्करने 'क१', 'क२'. नियम: एकत्र घेणं, एकत्र भरणं, एकत्र वापरणं, दर चार्जला जागा अदलाबदल. घालताना दोघांत ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. आता एकूण वाट ५० मिलिओहमची आणि इशारा प्रति सेल ३.५२ व्होल्टला. ७५ वॅटवर यापेक्षा फार खाली जाण्याची अपेक्षाही धरू नये. वॅट कमी केले की व्होल्टेज कमी कोसळतं आणि तेच सेल आणखी खाली वापरता येतात.

सेल घेताना क्षमतेवरून नकली चटकन ओळखता येतो. १८६५०मध्ये २० ते २५ ॲम्प खरोखर देणारे सेल २५०० ते ३००० एमएएचमध्ये आहेत. ५००० किंवा ९९०० छापलेलं असेल तर तो आकडा खोटाच. वजनही करा: चांगला सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. क्षमता आणि ॲम्प एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, त्यामुळे टॉर्च किंवा लॅपटॉपसाठीचा ३४०० एमएएचचा सेल मॉडमध्ये घालणं ही बढती नव्हे. तो सतत ७ ॲम्पच्या आतला प्राणी आहे.

वेष्टन

सेलचं संपूर्ण अंग ऋण असतं, अगदी धन टोकाच्या भोवतीची कडसुद्धा. धन बटण आणि ती ऋण कड यांच्यात मिलिमीटरभर अंतर आणि मध्ये एक कागदी चकती. वेष्टन फाटलेला सेल धातूच्या पाळण्यात गेला तर शॉर्टच, आणि मग मॉडच्या सगळ्या संरक्षणांना वळसा पडतो, कारण करंट बोर्डातून जातच नाही.

नवं वेष्टन: २९.५ ते ३० मिमी सपाट रुंदीची पीव्हीसी नळी, ७२ मिमी लांब तुकडा. जुनं वेष्टन बुडाकडून नखाने सोला, ब्लेड धातूला लावू नका. चकती तपासा, करपली असेल तर नवी. धन टोकाकडे नळी दीड-दोन मिमी पुढे ठेवून आधी ते टोक आवळा, मग सेल फिरवत खाली या. केस वाळवायचा ड्रायर पुरतो. हॉट एअर गन एका जागी धरली तर नळी फाटते आणि सेलही नको तितका तापतो.

मेकॅनिकल ट्यूबबद्दल थोडं

हाच ॲटोमायझर ट्यूबवर चढवायचा विचार असेल तर ०.४७ ओहमला ४.२ व्होल्टवर ८.९ ॲम्प, चिंता नाही. ०.२ ला २१, ०.१५ ला २८ ॲम्प. हायब्रिड टोपी (जिच्यात ॲटोमायझरची पिन थेट सेलला टेकते) असेल तर मधली पिन रिंगेच्या बाहेर ठळक आलेली हवी आणि ती दाबून आत जाता कामा नये. पिन आत गेली की ॲटोमायझरची ऋण रिंग थेट सेलच्या धन टोकाला टेकते. बटणाला कुलूप, ट्यूबला वायू निसटायची भोकं, आणि सेल ३.५ व्होल्टला बाहेर. तिथे इशारा देणारं कोणी नसतं.

चार्जिंग आणि ने-आण

बाहेरचा चार्जर, प्रति सेल १ ॲम्प, शेवट ४.२० व्होल्ट, ०.०५ इकडेतिकडे चालतं. मॉडच्या यूएसबीतून सीरिज जोडी भरताना बोर्ड दोन्ही सेल वेगळे पाहत नसेल तर कमजोर सेल आधी ४.२च्या वर जातो. गोठणबिंदूखाली चार्जिंग नाही. सुटे सेल प्लास्टिकच्या डबीत, किल्ल्या-नाण्यांच्या खिशात कधीच नाही. विमानात मॉड आणि सुटे सेल दोन्ही केबिनमध्ये. चेक-इन सामानात ही उपकरणं ठेवायला आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्येच मनाई केली आहे.

बाकी राहिलेलं

बंद अवस्थेतला करंट मोजायचा आहे. सेल आणि पट्टी यांच्यात कागदाची चिंधी, दोन्ही बाजूंना तांब्याची पातळ पट्टी, आणि मीटर मिलिॲम्पवर. या जुळणीत फायर बटण दाबायचं नाही, नाहीतर फ्यूज गेलाच. ३ मिलिॲम्प जरी निघाले तरी २६०० एमएएचची जोडी ३६ दिवसांत तळाला जाते. तोवर मॉड कपाटात ठेवताना सेल बाहेर, ३.७ व्होल्टच्या आसपास.

फायर बटण अधूनमधून अडकतं. ते फक्त बटणाखालचं चिकट रसायन आहे की मॉसफेटही (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा बोर्डावरचा स्विच) शॉर्ट व्हायच्या वाटेवर आहे, हे पाहायला बटण सुटं करून पडदा बंद असताना ५१० पिनवर (ॲटोमायझर बसतो त्या जोडातली मधली पिन) व्होल्टेज मोजायचं आहे. शून्य यायला हवं.