तुम्ही विचारलंत म्हणून: मीटरमधला एक बल्ब मी जुनाच का ठेवला

माझ्या १९९८ सालच्या मारुती ८०० मध्ये रात्री बसलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘आतले दिवे एलईडी करून घ्यावेत का?’ जरूर करून घ्यावेत, पण मीटरमधला चार्जिंगचा दिवा, म्हणजे बॅटरी चार्ज होत नसेल तेव्हा पेटणारा, तेवढा सोडून.

छताच्या दिव्याबाबत विचार करण्यासारखे काही नाही. जुना १० वॅटचा बल्ब सुमारे ०.८ अँपिअर वीज घेतो. दार नीट न लागल्यामुळे तो रात्रभर, म्हणजे दहा तास, जळत राहिला तर ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतले आठ खर्च होतात. एक वॅटचा एलईडी त्याच वेळात एकही खर्च करत नाही.

मीटरचे काम मात्र सावकाश करावे लागते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, मग मीटर पुढे ओढून मागची स्पीडोमीटरची केबल सोडवावी. त्यानंतर कॅपलेस, म्हणजे खाली धातूची टोपी नसलेल्या, बल्बचे होल्डर चिमटीत धरून थोडे फिरवले की बाहेर येतात. एलईडी लागला नाही तर तो खराब आहे असे लगेच समजू नये, उलटा फिरवून पाहावा, कारण त्याला प्लस-मायनसची दिशा असते. मी प्रथम निळसर पांढरे एलईडी बसवले होते. घरासमोर ते सुंदर दिसले, परंतु ताम्हिणी घाटातल्या अंधारात त्या झगझगाटामुळे समोरचा रस्ताच अधिक काळा वाटू लागला, म्हणून दुसऱ्याच दिवशी मी ते काढून मंद, पिवळसर छटेचे लावले. मीटरमधल्या लाल इशाऱ्याच्या खुणेमागे पांढरा एलईडीही लावू नये; त्याच्या उजेडात लाल रंग कमी असल्यामुळे खूण फिकट दिसते, तिथे लालच हवा.

आता चार्जिंगचा दिवा. ज्याला गॅरेजमध्ये अजूनही डायनामो म्हणतात, त्या बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला वीज निर्माण करण्यासाठी सुरुवातीला थोडे चुंबकत्व लागते आणि त्यासाठीचा प्रवाह अशा जुन्या गाड्यांत याच बल्बच्या तारेतून जातो. बल्ब शंभरहून अधिक मिलिअँपिअर जाऊ देतो, तर एलईडी जेमतेम दहा-वीस. मी तोही बदलला, तेव्हा इंजिन सुरू झाल्यावरही दिवा विझेना; ॲक्सिलरेटर जोरात दाबला की तो विझायचा आणि चार्जिंग तेव्हाच सुरू व्हायचे. गॅरेजवाल्याने अल्टरनेटर उतरवण्याची तयारी केली होती. मी त्याला थांबवले आणि डब्यात जपून ठेवलेला जुना बल्ब पुन्हा बसवला. चावी फिरवली, इंजिन सुरू झाले आणि ॲक्सिलरेटरला पाय लावण्याआधीच दिवा विझला.