कर्लीच्या खाडीत, ओझ्याखाली दम सोडणाऱ्या मशीनबरोबर

देवबागच्या टोकाशी कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मधोमध माडांनी भरलेली अरुंद पट्टी, अशी या गावाची ठेवण आहे. येथे येणारे पर्यटक बहुतेक संगमाकडे, त्सुनामी आयलंडच्या वाळूवर किंवा पलीकडच्या भोगवे किनाऱ्याकडे जातात. आम्हाला मात्र उलट दिशेने, खाडीतून वर कुडाळ तालुक्यातील वालावलला जायचे होते, कारण तेथील लक्ष्मीनारायणाच्या मंदिराकडे पाण्याच्या वाटेने जावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. होडी फायबरची होती आणि तिच्या मागे २५ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरचे, बऱ्याच वर्षांचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन होते.

होडी चालवणाऱ्या तांडेलांनी निघण्यापूर्वीच मशीनचा स्वभाव मोकळेपणाने सांगितला. "होडी रिकामी आसली तर मशीन बरा चलता, माणसां बसली की दम सोडता." संगमापर्यंतच्या छोट्या फेरीत त्याचे फारसे अडत नव्हते. आम्ही भरल्या होडीने ओहोटीच्या पाण्याविरुद्ध वर निघालो, तेव्हा तो दोष पुरता उघडा पडला. फुल रेस दिली की मशीन काही वेळ जोरात ओढत असे, मग आवाज हळूहळू खाली येई आणि होडी जणू चिखलात रुतल्यासारखी मंदावे. रेस कमी करून थोडे थांबले की पुन्हा ताकद येई, आणि पुन्हा काही वेळाने तीच गत होई.

अशा वेळी काठावरच्या प्रत्येकाचा पहिला सल्ला कार्बोरेटर उघडण्याचा असतो. मला तो घाईचा वाटतो. ओझ्याखालचा दोष ओझ्याखालीच तपासावा लागतो, आणि पान्याला हात लावण्यापूर्वी चालत्या मशीनकडून जेवढी माहिती मिळते, तेवढी धक्क्यावर उघडून ठेवलेल्या मशीनकडून मिळत नाही. पहिला प्रश्न असा की, होडी मंदावते तेव्हा मशीनचे फेरे वाढतात की कमी होतात? फेरे वाढून होडी मंदावत असेल, तर मशीनमध्ये ताकद आहे आणि ती पाण्यापर्यंत पोहोचत नाही, असे समजावे. होडीला पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या मध्यभागी धक्का सोसण्यासाठी रबराचा गाभा असतो, आणि तो जुना होऊन सुटला की आतला दांडा फिरतो, पण पाती ओझ्याखाली मागे राहतात. शंका असल्यास गाभ्याच्या आतल्या नळीवरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि होडी फुल रेसने फिरवून आणावी. रेघ तुटून दोन्ही टोके सरकली असतील, तर पंखाच दोषी ठरतो. आमच्या मशीनचा आवाज खाली येत होता, म्हणजे फेरे कमी होत होते. मशीन थंड करून मागून उडणारी पाण्याची धार जोरकस होती आणि हाताला कढत लागत नव्हती, त्यामुळे मशीन तापून अडत असल्याची शक्यताही मागे पडली. पंख्यात जाळ्याचा दोर अडकलेला नाही, हे तांडेलांनी मशीन बंद करून, ते वर उचलून पाहिले.

यानंतर पेट्रोल आणि ठिणगी या दोहोंपैकी कोण कमी पडते, ते पाहायचे होते. येथे मशीन कसे मंदावते, याला फार महत्त्व आहे. ओझ्याखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पाडण्यासाठी कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावे लागते, म्हणून कमजोर कॉइलही नेमकी ओझ्याखालीच दगा देते. परंतु तेव्हा एक सिलिंडर बहुधा एकदम सुटतो, मशीन थरथरते आणि आवाज फाटतो. आमचे मशीन तसे न करता सावकाश विझत चालल्यासारखे मंदावत होते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत थोडे पेट्रोल साठलेले असते. फुल रेसला जितके पेट्रोल जळते तितके मागून आले नाही, तर ती वाटी हळूहळू रिकामी होते आणि रेस कमी केली की पुन्हा भरते. आमच्या होडीचे वागणे या वर्णनाशी तंतोतंत जुळत होते.

पेट्रोलच्या नळीवरचा, दाबला की टाकीतले पेट्रोल मशीनकडे ढकलणारा रबरी फुगा या कामी फार उपयोगी पडतो. मशीन मंदावू लागताच मी तो भराभर दाबायला घेतला, आणि आवाज लगेच वर चढला. ठिणगीवरचा संशय एवढ्याने जवळजवळ मिटला. मग फुगा सोडून दिला आणि फुल रेसमध्ये त्याच्याकडे नुसते पाहत राहिलो. त्याच्या बाजू हळूहळू आत ओढल्या गेल्या आणि तो चपटा होऊ लागला. पेट्रोलचा पंप कमजोर असता किंवा कार्बोरेटरचा मोठा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे छिद्र, तुंबलेला असता, तर फुगा असा चपटा झाला नसता. अडथळा फुग्याच्या अलीकडे, म्हणजे टाकीच्या बाजूला होता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडला, तरी फरक पडला नाही. झाकणच सैल करून पाहिले, तरी तेच.

यापुढे भरल्या होडीने ओढत राहणे मी तांडेलांना सुचवले नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. टू-स्ट्रोक मशीनमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच आत जाते. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि हवा जास्त म्हणजे उष्णताही जास्त. अशा मशीनला फुल रेसवर रेटत नेले, तर पिस्टनला ओरखडे पडतात आणि नळीचा किरकोळ खर्च सिलिंडरपर्यंत जाऊन पोहोचतो. आम्ही अर्ध्या रेसवर, ओहोटीच्या अंगानेच देवबागला परतलो.

धक्क्याला लागल्यावर टाकीतली गाळणी काढून पाहिली, ती स्वच्छ होती. टाकी ते फुगा या भागातली नळी बाहेरून थोडी कडक झालेली असली तरी धड दिसत होती. ती उभी चिरल्यावर खरा प्रकार कळला: आतला पातळ थर फुगून भिंतीपासून सुटला होता आणि त्याचा एक पापुद्रा नळीत लोंबत होता. कमी ओढ असताना पेट्रोल त्याच्या बाजूने वाट काढी, आणि ओढ वाढली की तोच पापुद्रा झडपेसारखा वाट बंद करी. जुन्या रबराला इथेनॉल मानवत नाही, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे २०२३ पासून पंपांवर मिळू लागले आहे. इथेनॉल हवेतला ओलावाही शोषून घेते. खाडीकाठच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनोन्महिने पडून राहिली, तर पाणी खाली बसते. म्हणून आम्ही टाकीच्या तळाचे पेट्रोल काचेच्या बरणीत काढून पाहिले. सुदैवाने त्यात पाणी नव्हते.

मालवणच्या बाजारातून इथेनॉलला टिकणारी नळी आणि नवा फुगा आणला. फुग्यावरचा बाण मशीनच्या दिशेला ठेवला आणि जोडांवर नव्या पट्ट्या आवळल्या, कारण सैल जोडातून हवा आत शिरली तरी लक्षणे बरीचशी अशीच दिसतात. पिस्टनला आधीच इजा झालेली नाही ना, हे पाहण्यासाठी तेथल्याच एका मेकॅनिककडून गेज घेऊन दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजले. ते एकमेकांशी जुळते होते. दोहोंतला फरक १० टक्क्यांच्या आत असला की साधारणपणे काळजी नसते, आणि हे कळल्यावर तांडेलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला, कारण त्यांचा वर्षाचा संसार त्या मशीनवर चालतो.

पुढच्या फेरीत आम्ही मुद्दाम भरल्या होडीने आणि उलट्या पाण्यातच वर निघालो. दोन्ही काठांच्या खाजणांमधून आणि माडांखालून मशीन एका सुरात ओढत राहिले, फुगा टणक राहिला आणि आम्ही ऊन चढण्याआधी वालावलला उतरलो. परतल्यावर काढलेले प्लग पांढुरके न दिसता तपकिरी दिसत होते, म्हणजे मशीनला पेट्रोल पुरेसे मिळत होते. मशीनवरच्या पेट्रोलच्या पंपाचा पडदा आणि पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतले फिरते चाक, मात्र जुनेच आहेत. पावसाळ्यात होडी वर ओढली की ते बदलायचे, कार्बोरेटरमधले पेट्रोल काढून टाकायचे आणि मगच मशीन झाकून ठेवायचे, असे तांडेलांनी ठरवले आहे.