तुम्ही विचारलेत म्हणून: मुलासाठी दुर्बीण कोणती घ्यावी?

बाजारात, लग्नाच्या मांडवात, एस. टी. स्टँडवर, कुठेही जुने विद्यार्थी भेटले की हा प्रश्न हमखास येतो: "सर, पोराला आकाशाची गोडी लागली आहे, त्याला दुर्बीण कोणती घेऊन देऊ?" गिरणाकाठच्या एका शाळेत मी तीस वर्षे विज्ञान शिकवले, त्यामुळे मला हे माहीत असणार असा त्यांचा विश्वास असतो, आणि माझे उत्तर ऐकून त्यांचा थोडा विरस होतो. मी सांगतो की एक वर्षभर कोणतीच घेऊ नका; एक काठी, एक वही आणि घराचे धाबे एवढे पुरे आहे. उभ्या उभ्या दिलेले हे उत्तर अपुरे पडते, म्हणून त्यामागची कारणे येथे सविस्तर लिहीत आहे.

मी पहिली दुर्बीण घेतली तेव्हा तिच्या खोक्यावर "६०० पट" असे छापलेले होते आणि भिंगाचा व्यास ६० मिलिमीटर होता. भिंगाच्या व्यासात जितके मिलिमीटर, त्याच्या साधारण दुप्पट एवढेच वर्धन कामाचे असते. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण धूसर होत जाते. तिवई इतकी हलकी होती की वाऱ्याच्या झुळकेनेही दृश्य थरथरत असे. तरीही खरी अडचण दुर्बिणीची नव्हती. दुर्बिणीतून आकाशाचा अगदी लहानसा तुकडा दिसतो, आणि शनी कोणत्या दिशेला, कोणत्या ताऱ्याशेजारी आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने ती कितीही फिरवली तरी त्याला केवळ ठिपके दिसतात. चंद्र दोन रात्री पाहून झाला की मुले कंटाळतात आणि दुर्बीण माळ्यावर जाते. अशा कितीतरी दुर्बिणी मी गावोगावी पाहिल्या आहेत आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

काठीचा सल्ला माझा नाही, तो आपल्याच मातीत फार पूर्वी दिला गेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. त्यातील यंत्राध्यायात त्यांनी वेध घेण्याच्या अनेक यंत्रांचे वर्णन केले आहे आणि शेवटी सर्वांहून श्रेष्ठ म्हणून 'धीयंत्र' सांगितले आहे, म्हणजे हातात काठी घेतलेल्या माणसाची बुद्धी. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. पाटणादेवीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असते?

त्या काठीने काय करता येते हे खानदेशात तर फारच सुंदर दिसते. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला राहतो, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. पहिल्यांदा तो मे महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत येतो, चाळीसगावला काहीसा आधी, मग धुळे आणि जळगावला, आणि नंतर नंदुरबारला. त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या थोडे आधी अंगणात सरळ रोवलेल्या काठीची सावली नाहीशी होते. जुलैत तो पुन्हा येतो, परंतु तेव्हा बहुधा ढग असतात. दिल्लीतल्या मुलाला हे कधीच पाहता येणार नाही. याच मुलाने रात्री हात ताठ करून मूठ धरली तर ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते, आणि उत्तर क्षितिजापासून दोन मुठींवर त्याला ध्रुवतारा सापडेल, कारण ध्रुवाची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश, आणि तो सुमारे एकवीस अंश आहे.

आता ग्रहांकडे वळू. ग्रह आकाशात कुठेही भटकत नाहीत. सूर्य, चंद्र आणि ग्रह हे सगळे क्रांतिवृत्त नावाच्या एकाच वाटेच्या आसपास चालतात, कारण सर्व ग्रह सूर्याभोवती जवळजवळ एकाच प्रतलात फिरतात. रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा हे चार ठळक तारे त्या वाटेवरचे मैलाचे दगड आहेत. ते ओळखता आले की त्या वाटेवर दिसणारा आगंतुक ठळक ठिपका ग्रहच असतो, आणि सहसा तो ताऱ्यांसारखा लुकलुकतही नाही. शेतकऱ्याला ही वाट नकळत माहीतच असते. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर "मृग लागला" असे आपण म्हणतो, त्याचा अर्थ सूर्य मृगाच्या ताऱ्यांपाशी पोहोचला, आणि म्हणूनच कपाशीच्या पेरणीच्या दिवसांत मृग रात्री दिसत नाही. तो पाहायचा तर पौष-माघात, गव्हाला रात्रीचे पाणी देताना. माझी आजी त्यातल्या ओळीने असलेल्या तीन ताऱ्यांना तिकांडे म्हणत असे, आणि त्यावरून किती रात्र उरली आहे हे तिला कळत असे.

शुक्राचा धडा मला सगळ्यांत प्रिय आहे. महिनोन्महिने संध्याकाळी किंवा पहाटे शुक्र सूर्यापासून किती मुठी दूर आहे ते वहीत लिहीत जावे. अंतर वाढत वाढत साडेचार मुठींच्या आसपास थांबते आणि पुन्हा कमी होऊ लागते. मध्यरात्री डोक्यावर शुक्र कधीही दिसत नाही. याचा अर्थ त्याची कक्षा आपल्या कक्षेच्या आत आहे. आता कंपासपेटी घ्यावी. पृथ्वी आणि सूर्य यांच्यासाठी १० सेंटीमीटरची रेघ काढावी, पृथ्वीपाशी ४६ अंशांचा कोन करावा आणि सूर्यापासून त्या तिरप्या रेघेवर लंब टाकावा. लंबाची लांबी ७.२ सेंटीमीटर भरते. पृथ्वीचे सूर्यापासूनचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे, तेव्हा शुक्राचे सुमारे १०.८ कोटी झाले. आठवीतली मुलगी धाब्यावरून मूठ धरून शुक्राचे अंतर काढते, यापेक्षा मोठा आनंद मी वर्गात पाहिलेला नाही.

बाहेरच्या ग्रहांची गती आपल्या बोलण्यातच आहे. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, कारण गुरूला सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करायला सुमारे बारा वर्षे लागतात. शनीला साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणजे एका राशीत सुमारे अडीच वर्षे, आणि तीन राशी ओलांडायला साडेसात. साडेसातीच्या फलावर माझा विश्वास नाही, पण त्या आकड्यामागे कोणीतरी पिढ्यानपिढ्या शनी पाहिला होता, याबद्दल मला आदर आहे. 'वक्री' या शब्दाचेही तसेच आहे. भुसावळच्या गाडीत बसल्यावर शेजारच्या रुळावरची संथ मालगाडी आपण मागे टाकतो तेव्हा ती उलटी जात असल्याचा भास होतो. पृथ्वी मंगळाला सुमारे दर सव्वीस महिन्यांनी अशीच मागे टाकते, आणि तेवढे काही आठवडे मंगळ ताऱ्यांतून उलटा सरकताना दिसतो. युरेनस १७८१ मध्ये हर्शेल यांना दुर्बिणीतून सापडला आणि नेपच्यून १८४६ मध्ये आधी गणितातून; वारांच्या नावांत हे दोघे नाहीत, कारण वार ठरले तेव्हा ते कोणाला ठाऊकच नव्हते.

पुस्तकातली चित्रे पाहून अंतरांची कल्पना चुकीची होते, म्हणून एकदा आम्ही सूर्यमाला रस्त्यावर मांडली. शाळेच्या भिंतीवर खडूने १ मीटर ४० सेंटीमीटर व्यासाचा सूर्य काढला. त्या मापाने पृथ्वी म्हणजे बारीक गोटी, ती दीडशे मीटरवर, आणि चंद्र म्हणजे ज्वारीचा दाणा, गोटीपासून ३८ सेंटीमीटरवर. भरताचे चांगले मोठे वांगे घेऊन एक मुलगा गुरू म्हणून पाऊण किलोमीटरहून थोडा पुढे उभा राहिला. नेपच्यूनचे लिंबू साडेचार किलोमीटरवर, शेजारच्या गावी, सायकलवरून पोहोचवावे लागले. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा कुठे ठेवायचा, असे एकाने विचारले. त्याच मापाने तो चाळीस हजार किलोमीटरवर येतो, म्हणजे पृथ्वीला जवळजवळ पूर्ण फेरा. मुले बराच वेळ गप्प होती.

वर्षभर वही भरत राहिली आणि दिवाळीनंतरच्या स्वच्छ रात्री मूल आपण होऊन धाब्यावर जाऊ लागले, तर आधी १० × ५० ची द्विनेत्री घ्यावी आणि मग दुर्बीण. दुर्बीण घेताना पटींचा आकडा पाहू नये. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास आणि तिवईची मजबुती पाहावी. तीस-चाळीस पटींत शनीची कडी स्पष्ट दिसतात. सूर्याकडे मात्र योग्य गाळणीशिवाय ती कधीही वळवू देऊ नका, डोळा कायमचा जाऊ शकतो. पहिल्या रात्री ती गुरूवर लावा. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने पाहिलेले चार चंद्र एका रेषेत दिसतील. एखादा गुरूच्या आड असेल तर तीनच दिसतील. मुलाला ते वहीत ठिपक्यांनी काढायला सांगा, आणि जेवण करून दोन तासांनी पुन्हा वर न्या. त्यांतला आयो साडेबेचाळीस तासांतच फेरी पूर्ण करतो, त्यामुळे तेवढ्या वेळातही तो बहुधा जागेवरून सरकलेला असेल.