आधी ‘लवकर उठे’, मग ‘लवकर निजे’

झोप नीट लागत नाही म्हटलं की घरी, शेजारी, दवाखान्यात एकच सल्ला मिळतो: लवकर झोपत जा. लहानपणी पाठ केलेल्या म्हणीतही ‘लवकर निजे’ आधी येतं आणि ‘लवकर उठे’ नंतर. या क्रमानं माझे फेब्रुवारी आणि मार्च असे दोन महिने खाल्ले. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे सविस्तर लिहितोय. साडेनऊला दिवे मालवायचे आणि साडेबारापर्यंत पंख्याकडे बघत पडायचं, एवढंच त्यातून हाती लागलं. झोप लागणं आपल्या हातात नसतं, उठणं असतं. उठण्यापासून सुरुवात केली की बाकीचं मागून येतं, नागपूरच्या उन्हाळ्यातसुद्धा येतं.

झोपेसोबत लावून घेतलेल्या बाकीच्या सवयी मला जड गेल्या नाहीत. सकाळी अर्धा तास चालणं, रात्री उद्याची कामं कागदावर उतरवणं, रोज एका माणसाशी फोनवर का होईना निवांत बोलणं, हे सगळं महिना-दीड महिन्यात अंगवळणी पडलं. ‘21 दिवसांत सवय लागते’ हे मात्र डोक्यातून काढून टाका. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला अभ्यास 2010 मध्ये छापून आला. त्यात सवय मुरायला सरासरी 66 दिवस लागले होते. कुणाला 18, तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशेब निघाला. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. पण या सगळ्या सवयी झोपेच्या जिवावर उभ्या असतात. रात्री पाच तासच झोप झालेल्या माणसाचं चालणं गुरुवारपर्यंत बंद पडतं आणि शुक्रवारी तो घरच्यांवर खेकसतो.

तर पहिली गोष्ट, उठण्याची एकच वेळ. मी पावणेसहा ठरवली. रात्री झोप कितीही झाली तरी पावणेसहा, रविवारीसुद्धा. रविवारी साडेआठपर्यंत लोळलं की शरीराचं घड्याळ मागं सरकतं, रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार वाया जातो. गजर मोबाइलवर लावू नका. सीताबर्डीत सेलवर चालणारं साधं गजराचं घड्याळ मिळतं. ते पलंगापासून चार पावलं लांब ठेवायचं, तोंड भिंतीकडे करून. भिंतीकडे का, ते पुढं सांगतो. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत घराबाहेरचा उजेड डोळ्यांवर पडला पाहिजे. ट्यूबलाइटच्या खोलीत शे-दोनशे लक्स उजेड असतो, तर ढगाळ सकाळीही बाहेर हजारो लक्स. सकाळचा हा उजेड मेंदूतलं घड्याळ पुढं ओढतो आणि रात्रीची झोप त्या प्रमाणात लवकर येते. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला असल्यानं आपल्याकडे सूर्य तिथल्यापेक्षा साधारण 25 मिनिटं आधी उगवतो. मे महिन्यात साडेपाचच्या सुमारास उजाडलेलं असतं. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, जे जवळ असेल तिथं जा. गच्चीवर उभं राहिलात तरी चालेल, पण गॉगल लावू नका आणि थेट सूर्याकडे बघू नका.

आता वही. दोन आठवडे रोज सकाळी चार आकडे लिहायचे: आडवं कधी झालो, झोप अंदाजे कधी लागली, मधे किती वेळ जाग होती, उठलो कधी. माझ्या वहीतलं एक पान असं आहे: ‘17 एप्रिल. आडवं 10.40. झोप 12.30. मधे जाग 25 मिनिटं. उठलो 5.45.’ म्हणजे अंथरुणात 425 मिनिटं आणि झोप 290 मिनिटं. भागाकार केला की 68 टक्के. हा आकडा 85 च्या वर असावा लागतो. सगळं अंदाजानं आणि सकाळीच लिहायचं. रात्री घड्याळ बघितलं की ‘अरे, एक वाजला, आता पावणेपाचच तास उरले’ ही वजाबाकी सुरू होते आणि उरलीसुरली झोपही उडते. घड्याळाचं तोंड भिंतीकडे असतं ते यासाठी.

दोन आठवड्यांची माझी सरासरी झोप निघाली साडेपाच तास. मग जे करायचं असतं ते ऐकायला उलटंच वाटतं: अंथरुणातला वेळ तेवढाच, म्हणजे साडेपाच तास ठेवायचा. उठायचं 5.45 ला, तर झोपायचं 12.15 ला. त्याआधी अंथरुणाला पाठ लावायची नाही, सोफ्यावरही डुलकी नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी 1987 मध्ये मांडलेली ही रीत आहे. तत्त्व साधं आहे. माणूस जितका वेळ जागा, तितकी त्याच्या मेंदूत झोपेची ओढ साठत जाते. अंथरुणात आठ तास पडून पाच तासांची झोप पातळ पसरण्यापेक्षा ती साडेपाच तासांत घट्ट करायची, मग हळूहळू वाढवायची. सरासरी याहून कमी निघाली तरी साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही. आठवड्याची टक्केवारी 85 च्या वर गेली की झोपायची वेळ 15 मिनिटं अलीकडे, त्याहून कमी राहिली तर आहे तीच.

इथंच एक सावधगिरीची गोष्ट सांगून ठेवतो. ज्यांना फिट्स येतात, बायपोलर आजार आहे, जे रात्रपाळीत यंत्रावर असतात किंवा लांबची गाडी चालवतात, त्यांनी हा भाग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पहिले आठ-दहा दिवस दुपारी डोळे मिटतात. त्या दिवसांत मी गाडी चालवली नाही.

आता जिथं मी अडकलो ते. या रीतीच्या जोडीला एक नियम आहे: साधारण 20 मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं की अंथरूण सोडायचं, दुसरीकडे बसायचं आणि डोळे जड झाल्यावरच परत यायचं. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1972 मध्ये सांगितलेला हा नियम आजही निद्रानाशाच्या उपचारात पहिल्या ओळीत असतो. अंथरूण म्हणजे झोप, एवढंच नातं मेंदूत राहावं यासाठी तो आहे. तासन् तास तळमळत पडलं की मेंदू अंथरुणाला जागरणाची जागा समजायला लागतो. कागदावर हे सोपं वाटतं. पण नागपुरात, एप्रिल-मे मध्ये, घरात एका खोलीत कूलर असताना रात्री एक वाजता अंथरूण सोडून जायचं कुठं? हॉलच्या भिंती दिवसभर तापलेल्या असतात, पंखा गरम हवा फेकतो. तिथं दहा मिनिटं बसलं की घाम येतो आणि होती ती झोपही जाते. म्हणून पहिले दोन आठवडे मी उठलोच नाही. 20 मिनिटांचा दीड तास व्हायचा आणि टक्केवारी 70 च्या आसपास अडून राहायची. नियम चुकीचा आहे असं वाटायला लागलं होतं. चुकीची होती ती जागा.

उपाय अगदी साधा निघाला. कूलरच्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, एक पाठ असलेली खुर्ची कायमची ठेवली. खोली तीच, अंथरूण मात्र सुटलं. नियम खोली सोडायला सांगत असला तरी अंथरूण सोडणं महत्त्वाचं. खुर्चीजवळ पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा, भिंतीकडे वळवलेला. हातात काम असं, जे अर्ध्यावर सोडलं तरी हळहळ वाटणार नाही: धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणं, जुनं मासिक वाचणं. मोबाइल नाही, टीव्ही नाही, खाणं नाही. आई मधेच जागी व्हायची आणि विचारायची, ‘काहून बसून राह्यला रे? झोप न आता.’ घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्यांच्या काळजीपोटी तुम्ही परत आडवे व्हाल.

परत कधी जायचं, हे ओळखायलाही मला वेळ लागला. थकवा वेगळा आणि झोप वेगळी. अंग दुखतंय, डोळे मात्र टक्क उघडे, हा थकवा. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचली जातेय, मान पुढं येतेय, पापण्या ओढल्या जातायत, ही झोप. झोप आली तरच उठून अंथरुणात जायचं. पहिल्या रात्री चार वेळा खुर्चीत आलो, तिसऱ्या रात्री तीन वेळा, दहाव्या रात्री एकदाच. सकाळी 5.45 चा गजर तेवढा चुकवायचा नाही. तो चुकला की रात्रीची सगळी मेहनत पाण्यात.

एक गोष्ट मात्र वहीमुळंच कळली. झोप लागली तरी दोनच्या सुमारास जाग यायची, जवळपास रोज. चिंता, वय, पित्त असं काय काय मनात येऊन गेलं. कारण निघालं कूलरची टाकी. साडेआठला भरलेली टाकी मे मधल्या कोरड्या हवेत दोनपर्यंत आटायची, ताट्या सुकायच्या आणि खोलीत सरळ गरम वारा यायचा. झोपण्याच्या अगदी आधी टाकी काठोकाठ भरायला लागलो आणि ती जाग बंद झाली. फ्लोट बसवून नळी जोडली तर हेही करावं लागत नाही. कूलरची अजून एक चूक घरोघरी दिसते. दारं-खिडक्या गच्च लावून कूलर चालवतात. मग हवा बाहेर जायला वाट राहत नाही, खोलीत दमटपणा साठतो आणि अंग चिकटतं. कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पहाटे गारठा वाटला तर पंप बंद करून नुसता पंखा ठेवा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो.

24 एप्रिलला 12.15 पासून सुरुवात केली होती. खुर्ची आणि टाकी जागेवर आल्यावर, 8 मे पासूनच्या आठवड्यात, टक्केवारी पहिल्यांदा 88 झाली. 15 मे ला झोपायची वेळ 12 वर आली, मग दर आठवड्याला 15 मिनिटं. मधे एका आठवड्यात दोन रात्री लाइट गेली, तेव्हा आहे तीच वेळ राखली. 10 वाजेपर्यंत आणली तेव्हा आकडा 82 वर घसरला, म्हणून 10.15 वर परत आलो. माझी गरज सुमारे सात तासांची आहे हे असं कळलं. ते 88 वहीत लिहिलं त्या सकाळी मला जो अभिमान वाटला, तसा बऱ्याच दिवसांत वाटला नव्हता. ठरवलेली गोष्ट रोज घडते याचा परिणाम दिवसभराच्या बोलण्या-चालण्यावर होतो. माणूस नजरेला नजर देऊन बोलतो, नाही म्हणायचं तिथं नाही म्हणतो.

चहाचं सांगायचं राहिलं. कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनीही रक्तात असतो. पाचचा चहा म्हणजे रात्री दहाला अर्धा कप. मी शेवटचा चहा दोनच्या आत आणला. संध्याकाळी लिंबू-पाणी. सकाळी फिरून येताना रविवारी तर्री पोहे खुशाल खा, तर्रीचा त्रास रात्री असतो. साडेदहाला सावजी जेवून अकराला आडवं झालं की पित्त वर येणारच. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

वामकुक्षी करायची तर तीनच्या आत आणि 20 मिनिटं. बाहेर 44-45 अंश आणि खोलीत कूलर, अशा दुपारी 20 मिनिटांचे दोन तास होतात आणि रात्रीची ओढ तिथंच खर्च होते. पहिल्या सहा आठवड्यांत तीही बंद ठेवा.

आंघोळीचंही असंच. झोपेच्या तास-दीड तास आधी कोमट ते गरम पाण्यानं दहा मिनिटं आंघोळ केली की रक्त हातापायांच्या कातडीकडे येतं, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीर थंड होताना झोप येते. मे मध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी रात्री नऊलाही गरमच येतं. एरवी त्याचा वैताग येतो, इथं ते कामाचं.

आणि उद्याची कामं लिहिण्याचं. 57 तरुणांवरच्या 2018 च्या एका प्रयोगात, झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागली. यादी मोघम नको. ‘बँकेचं काम’ असं न लिहिता ‘11 वाजता पासबुक घेऊन बँकेत’ असं लिहा.

घोरताना श्वास अडकतो, रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात, असं असेल तर खुर्चीनं काही होणार नाही, तपासणी करून घ्या. झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका. दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल, कशात मन लागत नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नका, त्याच क्षणी फोन लावा आणि घरच्या कुणाला तरी जवळ बसवा.

पावसाळा लागला की कूलरचा उपयोग संपतो, ओल्या हवेत पाणी उडतच नाही. तेव्हा पंप बंद, खिडक्या उघड्या, अंगावर पातळ सुती चादर. जानेवारीत सूर्य 6.50 च्या सुमारास उगवतो. पावणेसहाला उठून तासभर घरातली कामं उरकायची आणि सात वाजता बाहेर पडायचं. उठायची वेळ मात्र थंडीतही हलवायची नाही.